दस्त्यावरची रबराची गादी

कोइवुवारा, उत्तर कारेलिया
रविवार, २१ सप्टेंबर २०१४

प्रिय तैस्तो,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. नवा खुबा नीट बसला आणि दोन काठ्यांची एक काठी झाली हे वाचून बरं वाटलं. कुओपिओला लेकीकडे बडदास्त चांगली चाललेली दिसते. आऊलिक्की तुला रोज लोणी घालून लापशी देत असणार. घरी आल्यावर चढण चढताना त्या वजनाचा हिशेब खुबा मागेल, एवढं ध्यानात ठेव.

फोन न करता लिहिते आहे म्हणून दचकू नकोस. चाळीस वर्षं कानात काही न घालता बार काढलेस, त्यामुळे फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही. उरलेलं निम्मं तू मध्येच बोलून ऐकून घेत नाहीस. पत्राला मध्ये तोडता येत नाही.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. बारा तारखेला पहिलं दव गोठलं, त्याच्या आदल्या दिवशीच मी तुझे आणि माझे बटाटे काढून घेतले. तुझे नेहमीप्रमाणे बारके आहेत. लाल बोरं यंदा अशी लगडली आहेत की गुडघे नको म्हणतात पण हात थांबत नाही. अकरा बादल्या झाल्या. तुझ्या सौनाचं, वाफेच्या न्हाणीघराचं धुराडं साफ करून घेतलं. जारी गेल्या शनिवारी कुओपिओहून येऊन तुझं गवत कापून गेला आणि अख्ख्या गावाला माहीत असलेल्या त्या दगडावर पातं वाकवून गेला. जावई चांगला आहे तुझा. मनापासून सांगते. पातं त्याने स्वतःच ठोकून सरळही केलं.

कार्डाच्या शेवटी तू दोन कामं सांगितली आहेस. गेल्या वर्षीसारखाच यंदाही शिकार मंडळाचा कागद सही करून चिटणीस विल्योकडे द्यायचा, म्हणजे माझ्या जागेवर जारीचं नाव लागेल. आणि ‘ती रायफल नुसती पडून असेल तर जारीला देऊन टाक, अस्वलाच्या वेळी कामाला येईल.’

त्या कामांबद्दलच लिहायला बसले आहे. पण पहिल्यापासून लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरीही. माझ्या बाजूने ते कसं दिसत होतं हे तुला माहीत नाही.

बाबांनी घर आणि शेत तुला दिलं, दलदलीकाठचं जंगल मला. त्यावर आपण दोघं कधी एका शब्दाने भांडलो नाही, याचा मला फार अभिमान होता. जंगलाचा मालक स्वतः शिकार करत असेल तर शिकार मंडळात एक जागा त्याची, आणि करत नसेल तर तो दुसऱ्या कुणाचं नाव देऊ शकतो, हा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. टोळीचा म्होरक्या तू आहेस. मी एकोणीस वर्षं तुमच्या गावजेवणाला मूस हरणाच्या मांसाचा रस्सा ढवळला. शाळेच्या स्वयंपाकघरात आठवडाभर मुलांसाठी ढवळायचं आणि ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तुमच्यासाठी. कधी नाही म्हटलं नाही.

मग गेल्या वर्षी पन्नाशी गाठली, त्या मार्चमध्ये तुझ्या टेबलाशी बसून मी म्हटलं, ‘तैस्तो, मला यंदा पातेल्यापाशी नाही, दलदलीकाठी उभं राहायचंय. बाबांच्या ठिकाणी.’

तू हातातली भाकरी खाली ठेवलीस. बराच वेळ खिडकीबाहेर बघितलंस. मी म्हटलं, झालं, आता हसणार हा. पण तू म्हणालास, ‘बरं. रायफल मी निवडतो.’

त्या दिवशी घरी येताना मी गाडीत गाणं म्हणत होते. मला गाता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आपल्याकडे पहिली रायफल कोणी स्वतः निवडत नाही. घरातला मोठा निवडतो, हातात ठेवतो, आणि घेणाऱ्याने ‘छान आहे’ एवढंच म्हणायचं असतं. तू शहरातून ती घेऊन आलास, आणि मी ‘छान आहे’ म्हटलं. दिसायला छानच होती. नळी बारीक, वजनाला हलकी. काडतूस आत ढकलणारा बोल्ट तर असा सरकायचा की लोण्यात सुरी. तू म्हणालास, ‘हलकी घेतली, दिवसभर खांद्यावर वागवायचीय तुला. आणि काडतूस नऊ-तीनचं, चांगलं दांडगं. मूस असो, अस्वल असो, एका गोळीत काम. पोरखेळ नको.’

मला काडतुसांतलं काय कळत होतं? मोठ्या पातेल्याला मोठा डाव, इतकंच. तू निवडलंस म्हणजे ते बरोबरच असणार. तुझ्याशिवाय मी या बाबतीत आणखी कुणाला विचारणार होते?

पहिला बार आठवतो? रेतीच्या खाणीत, एप्रिलमध्ये, बर्फ अजून कडेला होता. मला वाटलं कुणीतरी खांद्यावर कुऱ्हाडीचा दांडा घातला. दुसऱ्या बाराला रायफलीवरच्या दुर्बिणीची कड भुवईवर बसली आणि डोळ्यात रक्त आलं. खांद्याला टेकायचा दस्ता माझ्या हाताला लांब पडत होता म्हणून मी मान पुढे ताणून बघत होते. विल्यो म्हणाला, ‘अरे वा, दुर्बिणीने मुका घेतला! आता लग्न मोडता येणार नाही.’ सगळे हसले, मीही हसले. तूही हसलास.

खांदा दुखतो असं म्हणणारा माणूस आपल्या गावात अजून जन्माला यायचाय. मीही म्हटलं नाही. काळानिळा खांदा घेऊन शाळेत मोठमोठी पातेली उचलत राहिले. एकदा मुख्याध्यापिकेने विचारलं, ‘रौनी, घरी कोणी मारतं का?’ मी म्हटलं, ‘घरी मांजर आहे फक्त.’

आणि तूच मलमाची डबी आणून दिलीस. ती डबी मला जास्त आठवते, तैस्तो. कापराच्या वासाची, निळ्या झाकणाची. म्हणालास, ‘होतं असं. सवय होईल. नाही झाली तर तेही काही पाप नाही.’ किती मायेने म्हणालास! मी ती डबी संपवली आणि दुसरी आणली.

त्या उन्हाळ्यात शिकारीआधीच्या नेमबाजीच्या परीक्षेला तीनदा उभी राहिले. जून, जुलै, ऑगस्ट. पंचाहत्तर मीटरवर कागदी मूस, दीड मिनिटात चार गोळ्या, चारही त्या ताटलीएवढ्या गोलात. जूनमध्ये दोन आत लागल्या. जुलैमध्ये एक. ऑगस्टमध्ये एकही नाही. एक तर कागदालाच लागली नाही. पाठीमागे बाकावर आठ-दहा माणसं बसलेली, आणि कोणी काही बोलत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून म्हटलं, ‘माझ्या अंगात ते नाहीच रे. मी भित्री आहे.’ तू कॉफी ओतलीस आणि म्हणालास, ‘असं नको बोलू. प्रत्येकाचं अंग वेगळं असतं. बाबांनाही तू शिकार करावीस असं कधी वाटलं नव्हतं.’ आणि मग कागद पुढे केलास. यंदापुरता. जारीसाठी. कागद टाइप करून तयार होता. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की निदान जागा घरातच राहिली.

मी सही केली. शिकार सुरू झाली तेव्हा जारी माझ्या दलदलीकाठी उभा राहिला आणि त्याने पहिल्याच दिवशी मूस पाडला. मी रस्सा केला. विसावं वर्ष. सगळ्यांनी जारीच्या नावाने पेले उचलले. मीही उचलला, कारण मला खरंच आनंद झाला होता. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला होता.

आता पुढचं लिहिते. मघाशी उठून कॉफी ठेवली, मांजराला आत घेतलं, तुझं कार्ड पुन्हा वाचलं. टाळत होते.

यंदा एप्रिलमध्ये मी ती रायफल विकायला शहरात गेले. तुला सांगितलं नाही, कारण तुझी भेट विकते आहे याची लाज वाटत होती. ज्या दुकानातून तू घेतलीस तिथेच गेले, म्हाताऱ्या लेम्पिनेनकडे. त्याने रायफल उलटीपालटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रायफलकडे पाहिलं.

‘ही तू चालवतेस?’

‘चालवत होते.’

‘मग तू तैस्तोची बहीण.’ त्याने चष्मा कपाळावर चढवला. ‘मी सांगितलं होतं त्याला. म्हटलं, बाई केवढी आहे? तो म्हणाला, माझ्या खांद्याला लागते. मी म्हटलं, मग साडेसहाचं बारीक काडतूस घे आणि थोडी वजनदार रायफल घे. माझ्या बायकोने त्या साडेसहाने चौदा मूस पाडलेत, एकाने कधी तक्रार केली नाही. एवढ्या हलक्या रायफलीत नऊ-तीन म्हणजे गाढवाची लाथ. मी स्वतः असल्या रायफलीतून दिवसाला सहा बारांच्या वर काढत नाही.’

मी विचारलं, ‘मग तो काय म्हणाला?’

म्हातारा हसला. त्याला काय ठाऊक! त्याच्या लेखी ती भावाबहिणीतली थट्टाच होती. म्हणाला, ‘तो म्हणाला, हीच दे. एक उन्हाळा मारेल आणि आपणहून घरी बसेल.’

मी ते नीट ऐकलं. तरीही मनात तुझी बाजू घेत होते. म्हटलं, बोलला असेल थट्टेत. तैस्तोची जीभ तशीच आहे. नऊ-तीनवर त्याचा स्वतःचा जीव आहे, म्हणून तेच घेतलं असेल. माणूस आपल्याला आवडतं तेच दुसऱ्याला देतो. दुकानात उभ्या उभ्या मी तुझी वकिली करत होते.

तेवढ्यात लेम्पिनेनने दस्त्याची मागची बाजू वर केली आणि म्हणाला, ‘अगं, रबराची गादी कुठे गेली?’

‘कसली गादी?’

‘मी बसवली होती की! धक्का निम्मा खाते ती. त्याने नको म्हटलं, पण मी म्हटलं, ही माझ्याकडून, बाईमाणसाला मुक्या मारानं नको मारायला. माझ्या हाताने दोन स्क्रू पिळले. ही पत्र्याची पट्टी इथे कशी आली?’

स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे होते. तुझा स्क्रू ड्रायव्हर एका बाजूला झिजलेला आहे, तो असेच ओरखडे काढतो. माझ्या स्वयंपाकघरातलं कपाट तूच बसवून दिलंस. रोज बघते मी ते ओरखडे.

म्हणजे तू ती रायफल घरी आणलीस, कामाच्या टेबलावर ठेवलीस, गादी काढलीस, पट्टी लावलीस. सावकाश, नीट, जसं तू सगळं करतोस तसं. आणि मग फडक्याने पुसून माझ्या हातात दिलीस. मी ‘छान आहे’ म्हटलं.

काडतुसाचं मी माफ केलं असतं. वाईट निवड कोणीही करतो. पण त्या दोन स्क्रूंचं काय करू, तैस्तो? ते कुणाकडून चुकून निघत नाहीत.

लेम्पिनेनला माझा चेहरा दिसला असावा. त्याने मला खुर्ची दिली. मग दुकान बंद करून मला मागच्या मैदानात घेऊन गेला. त्याच रायफलीत काडतूस घालून दिलं आणि म्हणाला, मार. मी नेम धरला, चाप ओढला. बार झालाच नाही. त्याने मला न सांगता बिनदारूचं, पोकळ काडतूस घातलं होतं. पण रायफलीचं तोंड वीतभर खाली आपटलं आणि माझे डोळे गच्च मिटलेले होते. काहीही न उडता माझं अंग मार खाऊन मोकळं झालं होतं.

‘बघितलंस?’ तो म्हणाला. ‘हात चांगला आहे तुझा. खांद्याला कुणीतरी भीती शिकवली आहे. शिकवलेलं विसरवता येतं, पण वेळ लागतो.’

वर्षभर मी स्वतःला भित्री समजत होते. आरशात बघताना, गाडी चालवताना, शाळेत सुरी धरताना. एकदा ओढ्यावरच्या फळीवरून जाताना पाय कापले तेव्हा म्हटलं, बरोबर, आपण भित्र्याच. जागा तू घेतलीस ते एक. पण हे तू माझ्यात ठेवून गेलास, आणि वर मलम लावलंस.

तुला वाचून घाई झाली असेल, म्हणून सांगून टाकते. ती रायफल आता माझ्याकडे नाही. लेम्पिनेनने ती ठेवून घेतली आणि बदल्यात जुनी साडेसहाची दिली. पोलिसांचा नवा परवाना यायला पाच आठवडे लागले. नळी थोडी जाड आहे, लाकडावर कुणाचेतरी दातओरखडे आहेत, बहुधा कुत्र्याचे. दस्ता त्याने दोन बोटं कापून माझ्या हाताच्या मापाचा केला. पहिला महिनाभर मी नुसतं रिकाम्या रायफलीने भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला. मग पलीकडच्या तालुक्याच्या मैदानावर जायला लागले, जिथे मला कोणी ओळखत नाही. जुलैच्या एकोणीस तारखेला चारही गोळ्या गोलात लागल्या. तीन तर एका मुठीत मावतील अशा. परीक्षकाने कार्डावर शिक्का मारला आणि कोरडेपणाने म्हणाला, ‘पुढचा.’ इतकं गोड मला आजवर कोणी बोललं नाही.

तुझं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. मी दवाखान्यात आले, तुझे पाय चोळले, तुला रस पाजला. काही बोलले नाही. वाटलं, बरा होऊन घरी येईल, त्याला स्वतःहून सांगावंसं वाटेल. दोन महिने वाट पाहिली. मग तुझं कार्ड आलं. ‘गेल्या वर्षीसारखाच’ असं तू लिहिलंस.

गुरुवारी मंडळाची बैठक झाली. कागदाऐवजी मी परीक्षेचं कार्ड टेबलावर ठेवलं. विल्योने ते दोनदा वाचलं, उजेडात धरून पाहिलं, जसं काही मी बटाटा कोरून शिक्का केला आहे. मग म्हणाला, ‘आणि तैस्तोला हे ठाऊक आहे?’

सगळे माझ्याकडे बघत होते. अकरा माणसं. त्यातल्या निम्म्यांना तू शिकवलंस. गेल्या उन्हाळ्यात ज्या बाकावरून त्यांनी मला गप्प बसून पाहिलं, त्याच बाकासमोर तुला उभं करायला मला एक वाक्य पुरलं असतं. जिभेवर आलंही होतं.

मी म्हटलं, ‘तैस्तोने निवडलेली रायफल मला मानवली नाही. दुसरी मानवली. त्याला मी कळवते.’

कॉफी झाली, आणि विल्योने माझं नाव यादीत लिहिलं.

ही क्षमा समजू नकोस. माझा भाऊ असा आहे हे गावाला कळू नये, एवढंच मला हवं होतं. ती लाज तुझ्यापेक्षा मला जास्त वाटते, आणि याचाही मला राग येतो.

तू हे का केलंस त्यावर मी बराच विचार केला आहे. कुओपिओच्या माणसाला आपल्या मंडळात जागा मिळत नाही. जारी जंगलात आला तर आऊलिक्की येते, पोरं येतात, शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारी तुझं घर भरतं. एली वहिनी गेल्यानंतर त्या घरात तू एकटा रेडिओ लावून बसतोस, हे मला दिसत नाही का? माझ्या खिडकीतून तुझा दिवा दिसतो.

तू मला सांगितलं असतंस, ‘रौनी, मला पोरं हवीत इथे, तुझी जागा जारीला दे’, तर मी दिली असती. त्याच टेबलाशी, त्याच क्षणी. भाकरी खाली ठेवून तू खिडकीबाहेर बघत होतास तेव्हाच मी दिली असती. थोडी रडले असते घरी जाऊन. पण दिली असती, आणि तुझ्यावर माया करत राहिले असते. मला विचारण्यापेक्षा तुला स्क्रू काढणं सोपं वाटलं.

आता नाही देणार.

जारीला याच्यातलं काही माहीत नसावं. असेल तर मला सांगू नकोस. लेकीला आणि नातवंडांना घेऊन त्याने यायला हवं. मी पाव भाजून ठेवीन, खाली माझ्या घरी खोली आहे. त्याला जनावर उठवायला हाकारा घालायला लागेल, त्यात कमीपणा नाही. सगळ्यांनी तिथूनच सुरुवात केली.

तू गुरुवारी बसने येशील. स्टँडवर विल्यो येईल घ्यायला, मी त्याला सांगितलं आहे. तुझ्या घराला ऊब करून ठेवीन, शेगडीशी लाकडं आहेत, शीतकपाटात मासे आणि बटाटे आहेत. किल्ली नेहमीच्या जागी. मी तिथे नसेन.

शनिवारी शिकार सुरू होते; पहाटे सगळे तुझ्या अंगणात जमतील आणि नेहमीप्रमाणे म्होरक्या म्हणून तू कोण कुठे उभं राहणार ते वाचशील. दलदलीकाठची जागा आली की माझं नाव वाच. पुटपुटू नकोस, आणि ‘आमची रौनी’ असं म्हणू नकोस. इतरांची वाचतोस तशी पूर्ण नावाने वाच. मी ‘हजर’ म्हणेन आणि जाईन. त्या दिवशी टोळीच्या बिनतारी रेडिओवर जे बोलायचं ते टोळीतल्या माणसाशी बोलतोस तसं बोल. वारा, दिशा, मूस. बाकी काही नको.

आजवरच्या प्रत्येक पत्राखाली मी ‘तुझी धाकटी’ असं लिहीत आले. या वेळी पूर्ण सही करते आहे. यादीत उतरवून घ्यायला तीच लागेल.

रौनी मार्गारेता तोल्वानेन